वल्हे पाण्यात रोवा

आजचा पाठ मराठीचा असला तरी त्याची सुरुवात आपण गणिताने करू. एक माणूस लांबट, अरुंद होडीत बसून समुद्रातून चालला आहे. त्याचा वेग ताशी ६ किलोमीटर आहे. तो मिनिटाला ६० वेळा वल्हे मारतो; ३० वेळा उजवीकडे आणि ३० वेळा डावीकडे. वल्हे एकदा पाण्यात घालून बाहेर काढणे, याला या पाठात आपण एक 'ओढ' म्हणू. तर मग एका ओढीत होडी किती पुढे जाते? तासाला ओढी झाल्या ३,६०० आणि अंतर कापले ६,००० मीटर. भागाकार करा. एका ओढीला सुमारे १ मीटर ६७ सेंटिमीटर येतात. त्या माणसाला दिवसभरात ४० किलोमीटर जायचे असेल, तर त्याला २४,००० ओढी घ्याव्या लागतील.

हा आकडा लक्षात ठेवा. एखादी ओढ वेडीवाकडी घेतली तर काहीच बिघडत नाही. पण तीच चूक एका दिवसात २४,००० वेळा झाली, तर संध्याकाळी मनगट सुजते, खांदा दुखू लागतो आणि दुसऱ्या दिवशी वल्हे हातात धरवत नाही. किनाऱ्यापासून दूर असताना अशी वेळ आली, तर ती केवळ दुखण्याची गोष्ट राहत नाही. म्हणून समुद्रात लांबचा प्रवास करणारे लोक सरळ पुढे जाण्याची साधी ओढ वर्षानुवर्षे शिकत राहतात. ही ओढ कशी असते, ते या पाठात पाहू.

ज्या होडीविषयी आपण बोलत आहोत, तिचे नाव कयाक. हा शब्द ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांच्या भाषेतून जगभर पसरला. त्या प्रदेशात झाडे उगवत नाहीत. समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाहत आलेले लाकूड गोळा करून तेथील लोक होडीचा सांगाडा बांधत आणि त्यावर सील माशाचे कातडे ताणून शिवत. (आपण सील मासा म्हणतो खरे, पण सील हा मासा नाही, तो सस्तन प्राणी आहे.) होडी वरूनही बंद असे. मध्ये फक्त एक माणूस कमरेपर्यंत आत शिरेल एवढे भोक. त्यात पाय लांब करून बसायचे आणि कमरेभोवती पाणी आत जाणार नाही असे कातडे घट्ट बांधायचे. अशा होडीतून शिकारी बर्फासारख्या थंड पाण्यात सीलच्या मागे जात. आज कयाक प्लॅस्टिकच्या किंवा काचतंतूंच्या बनवतात, पण आकार बराचसा तोच राहिला आहे. समुद्रातली कयाक साधारण ५ मीटर लांब असते आणि रुंदी मात्र अर्ध्या मीटरपेक्षा थोडीशीच जास्त.

आता वल्ह्याकडे वळू. उर्दूत आपण ज्याला चप्पू म्हणतो, त्याला मराठीत वल्हे म्हणतात. अनेक वल्ही असली तर 'वल्ही', आणि ती मारण्याच्या क्रियेला 'वल्हवणे'. जाता जाता आणखी एक शब्द सांगतो. उर्दू शायरीत तुम्हांला कश्तीबरोबर नाखुदा हमखास भेटतो. हा फारसी शब्द कोकणच्या बंदरांवर 'नाखवा' होऊन राहिला आहे. मासेमारीच्या होडीच्या मालकाला कोळी लोक नाखवा म्हणतात. तेव्हा समुद्राच्या बाबतीत मराठी आणि उर्दू या दोन भाषा एकमेकींना अगदीच परक्या नाहीत.

आपल्याकडच्या होडीचे वल्हे बहुधा काठावरच्या खुंटीला दोरीने अडकवलेले असते. वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो आणि वल्हे स्वतःकडे ओढतो. कयाकमध्ये तसे नसते. तेथे माणूस पुढे तोंड करून बसतो. त्याच्या हातात एकच वल्हे असते, पण त्याच्या दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा उजवे पाते पाण्यात, एकदा डावे. हे वल्हे होडीला कोठेही जोडलेले नसते. म्हणजे वल्ह्याला लागणारा जोर होडीपर्यंत पोचवण्याचे काम कोणी करायचे? ते माणसाच्या शरीराने करायचे. हात, पाठ, कंबर, मांड्या आणि तळपाय या साऱ्यांनी मिळून होडी आणि वल्हे यांना जोडायचे असते. हे एकदा समजले, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

नवशिका माणूस कयाकमध्ये बसला, की तो काय करतो? तो वल्हे पाण्यात घालतो आणि दंडाच्या जोरावर पाणी मागे फेकू लागतो. पाणी उडते, आवाज होतो, होडी डावीउजवीकडे डोलते आणि पहिली दहा मिनिटे त्याला वाटते की आपण फार वेगात चाललो आहोत. अर्ध्या तासात दंड भरून येतात. असे का होते?

खाडीतल्या उथळ पाण्यात नावाडी लांब बांबू वापरतो, ते डोळ्यांसमोर आणा. तो बांबू चिखलात टेकवतो आणि त्याच्यावर जोर देतो. बांबू जागच्या जागी राहतो, होडी मात्र पुढे सरकते. कयाकमध्येही मनात हेच चित्र असावे लागते. पाते पाण्यात खुंटासारखे रोवायचे आणि आपण बसलेली होडी त्या खुंटापर्यंत ओढून न्यायची. 'रोवणे' हा शेतकऱ्याचा शब्द आहे. उर्दूत आपण 'गाड़ना' म्हणू. अर्थात पाणी म्हणजे चिखल नव्हे. पाते थोडेफार मागे घसरणारच. पण ते जितके कमी घसरेल, तितकी तुमची मेहनत होडीच्या कामी येईल. मागे फेकलेले पाणी आणि उडालेले तुषार ही वाया गेलेली मेहनत आहे. चांगला वल्हवणारा जवळून गेला, तर फारसा आवाज होत नाही.

आता पुस्तक बाजूला ठेवा आणि एक प्रयोग करा. घरात कपडे वाळत घालायची काठी असते, ती घ्या. जमिनीवर पाय पुढे करून बसा. गुडघे थोडे वर उचललेले आणि किंचित बाहेर झुकलेले असू द्या. पाठ ताठ ठेवा. गालिच्यावर तक्क्याला रेलून बसतो तसे कयाकमध्ये बसून चालत नाही. मागे रेललात की कंबर वळायची थांबते. आता काठी डोक्यावर आडवी धरा आणि दोन्ही कोपरांत काटकोन होईल अशा बेताने हात लांब घ्या. दोन हातांमधले हे अंतर पक्के करा. मग काठी छातीसमोर आणा आणि हात जवळजवळ सरळ करा.

आता पाहा, एक चौकट तयार झाली आहे. काठी ही तिची एक बाजू, दोन हात या दोन बाजू आणि खांदे ही चौथी. ही चौकट न मोडता डावीकडे वळा. मान वळवू नका, नजर समोरच राहू द्या. खांदे आणि छाती वळू द्या. तुमच्या सदऱ्याच्या गुंड्या डाव्या भिंतीकडे पाहू लागतील आणि उजवा खांदा पुढे येईल. काठीचे उजवे टोक खाली केलेत तर ते उजव्या पावलापाशी पोचेल. हात लांब करावा लागला का? नाही. तुमचे धड वळले म्हणून काठी तेथवर पोचली. उजव्या बाजूची ओढ येथून सुरू होते.

ओढीचा हा पहिला क्षण सर्वांत महत्त्वाचा, आणि शिकायलाही तोच सर्वांत अवघड. पाते पावलाजवळ, होडीच्या अगदी कडेला पाण्यात शिरले पाहिजे. ते पूर्ण बुडेपर्यंत जोर लावायचा नाही. अर्धवट बुडालेल्या पात्यावर जोर दिला, तर त्याच्याबरोबर हवा पाण्यात ओढली जाते. फुगे येतात, पाण्याची पकड सुटते आणि पाते मागे घसरते. आपली घाई येथेच नडते. पाते सुरीसारखे पाण्यात शिरू द्या, पूर्ण बुडू द्या आणि मगच ओढा. हे सारे पापणी लवायच्या आत होते, पण त्याचा क्रम चुकता कामा नये: आधी पाते बुडते, जोर नंतर येतो.

आता ओढ. डावीकडे पीळ दिलेले धड उजवीकडे सुटू लागते. दोरीला पीळ द्यावा आणि मग सोडावी, तसे. उजवा हात जवळजवळ सरळच असतो. तो फक्त दोरीसारखा ताणलेला राहतो. काम करतात ते पाठीचे आणि कमरेचे मोठे स्नायू. दंडाचा स्नायू लहान आहे, तो लवकर थकतो. पाठीचे स्नायू तासन्तास काम करू शकतात. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते, ती पाहणाऱ्याला दिसत नाही, कारण ती होडीच्या आत घडते. कयाकमध्ये पाय टेकवायला पट्ट्या असतात. उजवे पाते पाण्यात असताना उजव्या पायाने आपल्या पट्टीवर दाब द्यायचा. गुडघा थोडा सरळ होतो, कंबर उजवीकडे वळते आणि पात्याला मिळालेला जोर पायातून होडीत जातो. सायकलचे पायटे मारताना पाय आळीपाळीने चालतात, तसेच येथेही चालतात. कयाक हाताने चालते असे म्हणणाऱ्याने एकदा दोन्ही पाय पट्टीवरून उचलून वल्हवून पाहावे.

उजवा हात कमरेपाशी आला, की ओढ संपली. पाते तेथेच बाजूला, वरच्या अंगाला काढून घ्यायचे. अनेकांना येथे मोह आवरत नाही. आणखी थोडे ओढले तर आणखी थोडे पुढे जाऊ, असे त्यांना वाटते. पण कमरेच्या मागे गेलेले पाते तिरके झालेले असते. ते पाणी मागे लोटण्याऐवजी वर उचलू लागते आणि होडीचे मागचे टोक खाली दाबले जाते. म्हणजे मेहनत करून आपणच होडीचा वेग कमी करतो. पावलापासून कमरेपर्यंत एवढाच ओढीचा पल्ला. तो संपतो तेव्हा तुमच्या गुंड्या उजव्या भिंतीकडे पाहत असतात, डावा खांदा पुढे आलेला असतो आणि डावे पाते डाव्या पावलापाशी पाण्यात शिरायला तयारच असते. एका ओढीचा शेवट हीच दुसरीची तयारी.

पाते होडीच्या जवळ का ठेवायचे, हेही समजून घ्या. बैलगाडीला एकच बैल जुंपला आणि तोही एका बाजूला, तर गाडी सरळ जाईल का? ती दुसऱ्या बाजूला वळेल. कयाकवर जोर नेहमी एकाच बाजूने पडतो. उजवीकडे ओढ घेतली, की होडीचे तोंड डावीकडे वळू पाहते. पाते जितके होडीपासून दूर, तितके हे वळणे जास्त. वळवायची असेल तेव्हा मुद्दाम दूरवरून ओढ घेतात. पण सरळ जाताना प्रत्येक ओढीला होडी नागमोडी गेली, तर ४० किलोमीटरांचा प्रवास आणखी लांबतो आणि ती सरळ करण्यातही शक्ती जाते.

वरचा हात काय करतो? उजवे पाते पाण्यात असताना डावा हात वर असतो, साधारण हनुवटी ते खांदा यांच्या उंचीवर. शर्यतीत वल्हवणारे तो डोळ्यांच्या उंचीवर ठेवतात. त्यामुळे पाते उभे शिरते आणि वेग मिळतो, पण खांद्यावर ताण पडतो. दिवसभर जायचे असेल तर हात खालीच बरा. हा हात होडीच्या मध्यरेषेपलीकडे फार जाऊ देऊ नये.

आणि मूठ! मला विचाराल तर नवशिक्यांचे जितके नुकसान घट्ट मुठीने होते, तितके कशानेच होत नाही. भीती वाटली की माणूस वल्हे आवळून धरतो. बोटे हलवणारे स्नायू कोपराजवळ असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, मनगटातून नळीसारख्या आवरणांमधून बोटांपर्यंत जातात. मूठ आवळलेली आणि मनगट वाकलेले असले, की या दोऱ्या त्या नळ्यांत हजारो वेळा घासतात. आवरण सुजते. मनगट हलवताना आत करकर जाणवू लागते. यावर विश्रांती हाच मुख्य उपाय असतो, आणि भर समुद्रात विश्रांती कोठून मिळणार? म्हणून अंगठा आणि तर्जनी यांचे सैलसे कडे करून त्यात दांडा धरायचा. वरच्या हाताची बोटे तर उघडीच ठेवायची. तळहाताने दांडा नुसता पुढे द्यायचा. मनगट सरळ ठेवायचे. चिमणीचे पिल्लू हातात धरताना आपण जितका दाब देतो, तितका पुरे.

काही वल्ह्यांची दोन पाती एकमेकांशी कोन करून बसवलेली असतात. एक पाते पाण्यात उभे असताना हवेतले पाते आडवे होते आणि समोरचा वारा कापत जाते. पूर्वी हा कोन काटकोन असे. त्यासाठी प्रत्येक ओढीला मनगट बरेच वळवावे लागे. आता पुष्कळ जण कोन त्याहून कमी ठेवतात, आणि काही जण ठेवतच नाहीत.

इन्युइट लोकांच्या वल्ह्याला असा कोन नसेच. ग्रीनलंडचे वल्हे पाहिले तर प्रथम ती एखादी चपटी काठीच वाटते. त्याचे पाते इतके अरुंद असते, की ते मुठीत धरता येते. त्याची लांबी दुकानात मोजत नाहीत, अंगावर मोजतात. दोन्ही हात पसरले की एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर, अधिक कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. मराठीत या दोन मापांना जुनी नावे आहेत: वाव आणि हात. म्हणजे ग्रीनलंडचे वल्हे एक वाव आणि एक हात लांब. ज्याचे वल्हे त्याच्या मापाचे. अरुंद पाते एकदम जोराचा हिसका देऊ शकत नाही, पण सांध्यांवर ताणही कमी देते. याउलट १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये विमानाच्या पंखासारखे वळलेले पाते तयार झाले. ते पाण्यात थोडे बाहेरच्या बाजूला सरकत जाते आणि कमी घसरते. शर्यतींत आता तेच दिसते. पण समुद्रात सुरुवात करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. आधी धड वळवायला शिकावे. वल्हे नंतर बदलता येते.

आता वेगाचे पाहू. तुम्ही म्हणाल, जोर लावून लवकर का पोचू नये? पाण्याचा विरोध वेगाबरोबर फार झपाट्याने वाढतो. वेग सव्वापट केला, तर लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. ताशी ६ किलोमीटरने ४० किलोमीटर जायला ६ तास ४० मिनिटे लागतात. ताशी साडेसात किलोमीटरने ५ तास २० मिनिटे. म्हणजे १ तास २० मिनिटे वाचवण्यासाठी सर्व वेळ दुप्पट शक्ती खर्च करायची. हा सौदा महागाचा आहे. शेजारच्या माणसाशी बोलता येईल इतपतच दम लागावा, ही लांब पल्ल्याची खूण.

मग ही वाचवलेली शक्ती कशासाठी? समुद्रात वारा कधी फिरेल ते सांगता येत नाही. समजा, तुम्ही किनाऱ्यापासून ४ किलोमीटर दूर आहात आणि वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहू लागला. तो तुम्हांला ताशी ४ किलोमीटरने मागे ढकलतो असे धरा. तुमच्या अंगात अजून ताशी ६ किलोमीटरने वल्हवण्याची ताकद असेल, तर तुमची खरी गती ताशी २ किलोमीटर होईल आणि तुम्ही दोन तासांत किनाऱ्याला लागाल. पण दिवसभर दंडाने वल्हवून तुम्ही थकला असाल आणि आता ताशी ४ किलोमीटरच निघत असतील, तर? वजाबाकी शून्य येते. तुम्ही वल्हवत राहाल, घाम गाळाल आणि होडी तेथेच राहील. थांबलात की समुद्रात आत जाल. सकाळपासूनच्या हजारो ओढी कशा घेतल्या, त्याचा हिशेब त्या दोन तासांत होतो. अशा वाऱ्यात हात आणखी खाली आणावेत, ओढ आखूड करावी, पण तिचा ताल सोडू नये. मोठी ओढ आणि मग थांबणे, असे करणारा प्रत्येक थांब्याला कमावलेले गमावतो.

या कलेच्या बळावर माणसे कोठपर्यंत गेली आहेत, त्याची दोनचार उदाहरणे सांगतो. ऑस्कर श्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ मध्ये बेकारीला कंटाळून उल्म गावाजवळ डॅन्यूब नदीत आपली घडीची कयाक घेऊन उतरला. त्याला कामासाठी सायप्रसला जायचे होते. पुढे त्याने तो बेत सोडला आणि तो जातच राहिला. इराणचे आखात, कराची, मग हिंदुस्थानचा पश्चिम किनारा आणि सिलोन असे करत तो १९३९ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या एका बेटावर पोचला. सुमारे ५०,००० किलोमीटरांचा हा प्रवास होता. वाटेत त्याला होड्या बदलाव्या लागल्या आणि अनुकूल वाऱ्यात तो लहानसे शीडही लावत असे. पण पोचला तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. जर्मन म्हणून त्याला शत्रू ठरवून छावणीत डांबण्यात आले. ज्या देशासाठी सात वर्षे वल्हवले, त्या देशाने असे स्वागत केले. तरी सुटका झाल्यावर तो तेथेच राहिला.

ऑस्ट्रेलिया खंडाला कयाकमधून पहिली प्रदक्षिणा न्यूझीलंडच्या पॉल कॅफिन यांनी १९८१-८२ मध्ये ३६० दिवसांत घातली. त्यानंतर २००९ मध्ये फ्राया होफमाइस्टर या जर्मन महिलेने तीच प्रदक्षिणा ३३२ दिवसांत पुरी केली. जर्मनीतल्या हुसुम या गावी त्यांचा आइसक्रीमचा व्यवसाय. प्रवासात त्यांनी आपला ४५ वा वाढदिवस ओलांडला. कार्पेंटारियाच्या आखाताला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा न घालता त्या सरळ आरपार गेल्या. आठ दिवस जमीन नाही. झोपायचे तेही होडीतच. सुमारे १३,८०० किलोमीटरांच्या त्या प्रदक्षिणेला आपल्या हिशेबाने ८२ लाखांहून अधिक ओढी लागतात. मुलांपैकी ज्यांना वाटते की हे काम फक्त पिळदार दंडांचे आहे, त्यांनी या आकड्याचा विचार करावा. ८२ लाख वेळा कोणाचाही दंड साथ देत नाही.

आपल्या किनाऱ्यावरही हे घडले आहे. मुंबईच्या कौस्तुभ खाडे यांनी २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हे ४०० किलोमीटरांहून अधिक अंतर एकट्याने कयाकमधून पार केले आणि नंतर गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सारा पश्चिम किनाराही.

तुम्हांला कधी कयाकमध्ये बसण्याची संधी मिळाली, तर ती प्रथम तलावात किंवा शांत खाडीत, शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर घ्या. अंगात तरंगते जाकीट हवेच, मग तुम्ही कितीही पोहणारे असा. पावसाळ्यात समुद्राचे नावही काढू नका. पहिल्या दिवशी वेगाकडे पाहू नका, कानाकडे लक्ष द्या. दहा ओढी सावकाश घ्या आणि पाते पाण्यात शिरताना 'छपाक' असा आवाज येतो का ते ऐका. आवाज आला तर पाते शिरण्याआधीच तुम्ही ओढत आहात. पुन्हा दहा घ्या. आवाज बंद झाला, की तळपायाकडे लक्ष द्या. उजवे पाते पाण्यात असताना उजव्या तळपायाखाली दाब जाणवतो का? तो जाणवू लागला म्हणजे वल्हे आणि होडी जोडली गेली.

स्वाध्याय

१. एका नवशिक्याची होडी एका ओढीत १ मीटर २५ सेंटिमीटरच पुढे जाते. ४० किलोमीटर जाण्यासाठी त्याला किती ओढी लागतील? पाठातल्या माणसापेक्षा त्या किती जास्त आहेत?

२. पाते कमरेच्या मागे नेल्यास काय होते, ते तीन-चार वाक्यांत लिहा.

३. आपल्याकडची साधी होडी आणि कयाक यांच्या वल्हवण्यात कोणता फरक आहे?

४. रोवणे, पीळ, कंडरा, चौकट, सौदा या शब्दांचे उर्दू अर्थ लिहा. यांतला कोणता शब्द उर्दूतही आहे?

५. कपडे वाळत घालायच्या काठीचा प्रयोग वर्गात करा. एकाने काठी धरावी आणि दुसऱ्याने कृती मराठीतून सांगावी.

६. आपल्या स्वतःच्या मापाचे ग्रीनलंडी वल्हे किती लांब होईल? वाव आणि हात मोजून उत्तर सेंटिमीटरमध्ये लिहा.